दामूअण्णाची काळी पट्टी

आमच्या दामूअण्णाच्या तोंडात एकच शब्द वस्तीला होता, सरी. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं, ठीक आहे, चालेल. बेंगळुरात भाजीवालीपासून कंडक्टरपर्यंत सगळेच म्हणतात, पण म्हणतात आणि मोकळे होतात. दामूअण्णाचं तसं नव्हतं. आधी त्याची मान डाव्या खांद्यावर कलायची, मग डोळे मिटायचे, मग शब्द यायचा, आणि शेवटची ई इतकी लांबायची की वाटावं, ह्याला अजून काहीतरी बोलायचंय. पण तोवर समोरचा आपलं काम साधून निघून गेलेला असायचा.

मला माणसांचे आवाज काढायची खोड आहे. घरातल्या सगळ्यांचे काढून झाले, शेजारच्या अय्यरमामींचा त्यांच्या समोर काढून झाला. दामूअण्णाची मान जमते, डोळे जमतात, ती मागे राहिलेली ई काही जमत नाही.

दामूअण्णा माझा मावसभाऊ. त्याचे वडील हणमंतराव, म्हणजे माझे काका, शिवाजीनगरात मार्केटच्या मागच्या गल्लीत बँडवाल्यांचे आणि हॉटेलातल्या नोकरांचे गणवेश शिवतात. आम्ही इथले इतके जुने मराठी की महाराष्ट्र कुठल्या बाजूला आहे ते आम्हाला नकाशात बघावं लागतं. काकांचा खरा मान मात्र शिवणाचा नाही, न्यायाचा. समाजात दोन घरांचं बिनसलं की काकांना बोलावणं येतं. काका दोघांना समोरासमोर बसवतात, मध्ये विड्याचं तबक ठेवतात, दोघांकडून थोडं काढतात आणि दोघांना थोडं देतात. उठताना दोघंही सारखेच नाराज दिसले की न्याय बरोबर झाला, असा काकांचा हिशेब. एका लग्नात मानाचा पहिला विडा कुणाचा, यावरून दोन व्याही हातघाईवर आले होते. काकांनी खिशातली कात्री काढली आणि विडा मधोमध कापला. चुना दोघांच्याही धोतरावर सांडला, पण लग्न लागलं. दामूअण्णा तेव्हा काकांच्या शेजारी तबक धरून उभा होता. त्याचं सगळं शिक्षण त्या तबकावर झालं, पुढचं नुसतं पॉलिटेक्निक.

पॉलिटेक्निकात सिनेमाचा डिप्लोमा असतो हे आमच्या गल्लीत त्याच्यामुळे कळलं. दामूअण्णाचा विषय एडिटिंग, म्हणजे घेतलेली चित्रं कापून, जोडून त्यांची गोष्ट करायची. काकांना ते कापण्या-जोडण्याचं ऐकून बरं वाटलं होतं. पण पहिल्या खेपेला दामूअण्णा नापास झाला. परीक्षकांनी त्याला एकाच प्रसंगाच्या दोन जोडण्या दाखवल्या आणि विचारलं, यातली चांगली कुठली. हा म्हणाला, दोन्ही चांगल्या आहेत सर.

काका रागावले नाहीत. रागावणं हे पंचाचं काम नव्हे. मशीनवरून मान वर न करता एवढंच म्हणाले, "एकदा गेलं, जाऊ दे. परत गेलं तर हे दुसरं मशीन पुसून ठेवलंय बघ." खिडकीपाशी खरंच एक मशीन पुसून ठेवलेलं होतं. दामूअण्णा जेवताना त्या बाजूला पाठ करून बसायला लागला.

दुसऱ्या खेपेची परीक्षा म्हणजे तिघांनी मिळून एक छोटी फिल्म करायची. फिल्म एकच, मार्क ज्याच्या त्याच्या कामाचे. दिग्दर्शक श्रीकांत. त्याचे वडील विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर, पुण्याहून बदलून आलेले. श्रीकांत मराठी बोलायचा ते भांड्यांना कल्हई केल्यासारखं, वरून सगळं इंग्रजी. कॅमेऱ्यावर देवाप्पा, निपाणीकडचा. तो अर्धं वाक्य मराठीत उचलायचा आणि अर्धं कन्नडमध्ये खाली ठेवायचा. आणि जोडायला दामूअण्णा. मी गेले आवाजासाठी.

गोष्ट साधी होती. एक म्हातारी फुलवाली टोपली घेऊन देवनहळ्ळीच्या बसची वाट बघते. बस येते, गच्च भरलेली असते, धुरळा उडवून निघून जाते. म्हातारी वळते, आपल्याकडे बघते आणि एक वाक्य बोलते. संपलं. म्हातारीचं काम केलं होतं रत्नाबाईनं. शिवाजीनगरच्या बसस्टँडवर ती खरोखरच फुलं विकते. तिला काय बोलायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. बस गेली, ती वळली आणि तोंडाचं बोळकं उघडून म्हणाली, "बिडी, हिंदे खाली बर्तदे." म्हणजे, जाऊ दे, मागून रिकामी येतेय. तसं म्हणताना तिचं तोंड हसत होतं आणि डोळे मात्र गेलेल्या बसमागे चालत होते. ते मी एडिटिंगच्या मशीनच्या छोट्या पडद्यावर पाहिलं तेव्हा माझी चेष्टा बंद झाली. अख्ख्या फिल्ममध्ये बोलणं तेवढंच. स्टँडवरच्या भोंग्यांत तिचा आवाज धड टिपला गेला नव्हता, म्हणून तिच्या आवाजात ते वाक्य मी बोलले आणि ते वेगळ्या टेपवर भरून ठेवलं.

आता इथे एक गोष्ट कळली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. श्रीमंत लोक कॅमेऱ्यातली मूळ फिल्म जपून ठेवतात आणि तिची नक्कल कापतात. आमच्याकडे नक्कल नव्हती. चीनच्या लढाईपासून परदेशी फिल्म मिळणं मुश्कील, कॉलेजनं दिली तेवढी शूटिंगला संपली. म्हणजे कात्री लागणार ती मूळ फिल्मलाच. शिवाय दोन तुकडे जोडायचे तर एकाचं टोकाचं चित्र पात्यानं खरवडायचं, त्याला सिमेंट नावाचा झोंबऱ्या वासाचा गोंद लावायचा आणि दुसरं टोक त्यावर दाबायचं. ते चित्र गेलं. जोड बदलायचा झाला तर पुन्हा कापायचं, पुन्हा खरवडायचं, पुन्हा एक चित्र गेलं. शिवणही अशीच असते. उसवून परत घातली की दर वेळी कापड थोडं आत जातं. हे शिंप्याच्या पोराला सांगायची गरज नव्हती. दामूअण्णाला ते ठाऊक होतं. पण नाही म्हणायचं ठाऊक नव्हतं.

पॉलिटेक्निकच्या मागे पत्र्याची एक खोली होती, तिथे हे चालायचं. दोरीवर चिमटे लावून फिल्मचे तुकडे टांगलेले, खाली टाकाऊ तुकड्यांसाठी कापडी पिशवी, आणि तिघांच्याही हातांत पांढरे मलमलचे मोजे. ते काकांनी शिवून दिले होते, प्रत्येकाच्या मापाचे. "वाण्याच्या पोराचा असतो तसा गुबगुबीत हात आहे रे तुझा," असं देवाप्पाला म्हणत त्यांनी त्याचं माप घेतलं होतं.

"लुक दामोदर," श्रीकांत सुरुवात करायचा, "रिदमचा क्वेश्चन आहे. बस जायच्या आधी तिचा चेहरा यायला हवा. माझ्या डोक्यात इट इज अॅब्सोल्यूटली क्लिअर."

"सरीऽऽ," दामूअण्णा म्हणायचा. पात्याचा खर्र आवाज यायचा.

मग देवाप्पा यायचा. "आरं दामू, माझा धुरळा कुठं गेला? झाडावर चढून घेतलाय त्यो. फांदी मोडली असती म्हंजे माझ्या आईला तू तोंड दाखवलं असतंस व्हय? आधी धुरळा, मग म्हातारी. सुम्ने, उगाच मध्येच म्हातारी कशाला?"

"स्वल्प थांब. सरीऽऽ." खर्र.

दुसऱ्या दिवशी श्रीकांतच्या डोक्यात वेगळंच क्लिअर असायचं. चेहरा मागे, पण थोडा उशिरा सुरू झालेला. मग देवाप्पाला तिथे झाडाची सावली हवी असायची, कारण सावली धरायला त्याचा अख्खा दिवस गेला होता आणि मार्क सावलीलाच मिळणार होते. त्या बिचाऱ्यांचंही खोटं नव्हतं. जो तो आपला विषय पास व्हायला बघत होता. आणि दामूअण्णा तबक घेऊन मध्ये उभा. एकाचं ऐकून दुसऱ्याचं मोडलं की त्याला रात्री जेवण जायचं नाही, म्हणून तो दोघांचंही ऐकायचा. आणि दर वेळी जोड बदलायचा तो रत्नाबाईपाशीच, कारण फिल्ममध्ये भांडण्यासारखी जागा तेवढीच होती.

मी एकदा म्हटलं, "दामूअण्णा, किती वेळा खरवडणार?"

"एकेकच चित्र जातं ग. एका सेकंदात अशी चोवीस असतात. एकानं काय होतंय."

परीक्षेच्या आदल्या सकाळी कॉलेजच्या मास्तरांनी मोठा प्रोजेक्टर वापरू दिला. आम्ही फिल्म लावली, शेजारी टेप लावली, दोन्ही एकदम सुरू केलं. टोपली आली, वाट बघणं आलं, बस आली. धुरळा सुरेख होता, सावली त्याहून सुरेख. मग रत्नाबाई वळली, तोंड उघडलं, आणि नाहीशी झाली. पडद्यावर तिच्यानंतर जोडलेला रिकामा रस्ता, त्याच्यावर माझ्या आवाजातली रत्नाबाई बोलतेय, "...हिंदे खाली बर्तदे." शरीर नसलेल्या माणसानं बोलावं तसं.

दामूअण्णानं फिल्म मागे फिरवून परत लावली. परत तेच. तोंड उघडतं आणि बाई जाते. तो फिल्मचा तुकडा उजेडात धरून बघत राहिला. वीतभरही उरला नव्हता.

"नो प्रॉब्लेम," श्रीकांत म्हणाला. "पुन्हा टेप करू. नयना, फास्ट बोल."

मी बोलले. जितकं भरभर जमतं तितकं बोलले. रत्नाबाईच्या तोंडात 'बि' एवढंच मावत होतं.

मग दामूअण्णानं ती कापडी पिशवी जमिनीवर उपडी केली. गुडघ्यांवर बसून तो त्या कातरणातून रत्नाबाई शोधायला लागला. कुठे नुसतं कपाळ, कुठे हनुवटी आणि त्याच्यावर खरवडल्याचा ओरखडा. सापडलेले तुकडे तो मलमलच्या तळव्यावर ठेवायचा, एकमेकांजवळ सरकवायचा. एकेक सुटं चित्र, जोडायला गेलं की जोडच ते खाऊन टाकायचा. हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं, तरी तो शोधत होता. "हे बघ, इथे तोंड उघडंय. हे बघ, हे मिटताना," असं पुटपुटत होता, आणि श्वास असा घेत होता की जणू खोलीतली हवाही कुणी थोडी थोडी कापून नेली होती.

देवाप्पा पण खाली बसला. म्हणाला, "दामू, सोड. त्या जागी माझी सावली लाव. आवाज वरनं जाऊ दे."

"शॅडो?" श्रीकांत म्हणाला. "नो. तिथे रिकामा रस्ताच लांबवायचा. सिम्बॉलिक आहे. परीक्षकांना तेच लागतं."

"तुझं सिम्बॉलिक तुझ्या घरी ने. माझे मार्क कुठनं यायचे?"

"आणि माझे?"

एवढ्यात दारात काका उभे. हातात दामूअण्णाचा जेवणाचा डबा. त्यांनी खाली बसलेला मुलगा पाहिला, दोन भांडणारे पाहिले, आणि त्यांच्यातला पंच जागा झाला. डबा टेबलावर ठेवून त्यांनी धोतर सावरलं.

"बसा रे. कुणी उठायचं नाही. पहिला तू सांग, काय पायजे तुला?"

श्रीकांतनं सांगितलं. देवाप्पानं सांगितलं. काका दोघांकडे सारखा वेळ बघत होते, त्यांची तशी पद्धतच आहे. मग त्यांनी डब्याचं झाकण मध्ये ठेवलं, विड्याच्या तबकासारखं.

"झालं तर. जागा केवढी आहे? अर्धी ह्याची सावली, अर्धा त्याचा रस्ता. दोघांचंही राहिलं. दामू, काप."

श्रीकांत आणि देवाप्पा दोघंही सारखेच नाराज दिसत होते, म्हणजे न्याय बरोबर झाला होता. सगळे दामूअण्णाकडे बघायला लागले. त्याची मान डाव्या खांद्याकडे कलायला लागली. डोळे मिटले. मी मनातल्या मनात शब्द म्हणूनही टाकला.

"नाही," दामूअण्णा म्हणाला.

काकांना ते नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हणालास?"

"नाही आप्पा. ती जागा रत्नाबाईची आहे. ती आम्ही संपवली. आता तिथे कुणाचंच काही यायचं नाही."

"मग काय उघडी ठेवणार?"

"काळी ठेवणार."

फिल्मच्या आधी आणि शेवटी लावायची नुसती काळी पट्टी असते, तिच्यावर काहीच नसतं. दामूअण्णा उठला. टेप लावून त्यानं माझं वाक्य ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि तेवढ्या लांबीची काळी पट्टी कापली. रत्नाबाई तोंड उघडते तिथे ती जोडली. श्रीकांत म्हणाला, "लुक, तू आपल्याला तिघांनाही बुडवतोयस." दामूअण्णा जोड दाबून धरत राहिला. काका डब्याचं झाकण परत लावून निघून गेले. जेवण तसंच राहिलं.

परीक्षक मद्रासहून आले होते. पांढराशुभ्र पोशाख, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि प्रत्येक वाक्याआधी "वेल" म्हणून थांबायचे, जसा कुणी पायरीवर चप्पल काढायला थांबतो. खोलीला काळे पडदे लावले. फिल्म सुरू झाली. बस गेली, रत्नाबाई वळली, तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला.

कॉलेजचा ऑपरेटर गडबडला. त्यानं मशीन आणि टेप थांबवून खोलीतला दिवा लावला. "बल्ब होय्तु सार."

माझा आवाज टेपवर अर्ध्यातच राहिला.

"वेल," परीक्षक म्हणाले, "दिवा गेला का?"

"येस सर," श्रीकांत उभा राहिला. "लॅम्प फॉल्ट सर. अनफॉर्च्युनेट."

"ते मशीन तसंच करतंय सर," देवाप्पा लगेच म्हणाला. पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं होतं.

मागे आमचे मास्तर बसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते पुढे वाकून दामूअण्णाच्या कानाशी म्हणाले, "लॅम्प म्हण दामोदर. नुसतं हो म्हण."

सगळ्या जगानं त्याच्यापुढे विडा धरला होता. एक सरी म्हटलं की बल्बचा दोष, फिल्म निर्दोष, डिप्लोमा हातात, आणि खिडकीपाशी पुसून ठेवलेलं मशीन तिथेच राहणार. तो उभा राहिला.

"नो सर. दिवा ठीक आहे. तिथे काळंच आहे. मी लावलंय."

"का?"

त्याचं इंग्रजी असं की एरवी मी त्याची नक्कल केली असती. त्या दिवशी मला ती सुचलीच नाही. तो म्हणाला, "तिथे त्या बाईचा चेहरा होता, सर. आम्ही जोड बदलत बदलत तो संपवला. दुसरं चित्र लावलं असतं तर कुणाला कळलं नसतं. आवाज उरलाय, तेवढा ऐका."

परीक्षकांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग ऑपरेटरला म्हणाले, "परत लावा. दिवा लावू नका."

परत लावली. टोपली, वाट बघणं, बस, धुरळा. रत्नाबाई वळली. तोंड उघडलं. काळोख झाला आणि काळोखातून ती म्हणाली, जाऊ दे, मागून रिकामी येतेय.

दिवे लागल्यावर परीक्षक दामूअण्णाकडे वळले. "वेल. तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण एडिटरचं पहिलं काम फिल्म जपणं. ती तुमच्याच हातून गेली ना?"

"हो सर."

"आणि तुम्हाला अडवता आलं असतं?"

दामूअण्णानं ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. "हो सर."

निकाल लागला तेव्हा श्रीकांत पास होता. देवाप्पा सावलीवर आणि धुरळ्यावर चांगल्या मार्कांनी पास होता. दामूअण्णाच्या नावापुढे काहीच नव्हतं. देवाप्पा त्याला हॉटेलात घेऊन गेला, कॉफी मागवली आणि स्वतःच रडला. "मी झाडावर चढलोच नसतो तर बरं झालं असतं बघ." श्रीकांत कोपऱ्यात उभा राहून दामूअण्णाशी मराठीतच बोलला, एकही इंग्रजी शब्द न वापरता, आणि ते ऐकायला फार विचित्र वाटलं.

दामूअण्णा आता खिडकीपाशी बसतो. पुसलेलं मशीन त्याचं झालं. पॉलिटेक्निकाच्या बाजूनं जाणारी बस तो घेत नाही, मार्केटला वळसा घालून चालत जातो. संध्याकाळी कधी रत्नाबाई फुलं घेऊन दुकानासमोरून गेली आणि "काय रे, माझा सिनेमा कधी दाखवणार?" असं तिनं विचारलं, की तो सुईत दोरा ओवायला लागतो. ओवलेल्या सुईतसुद्धा.

परवा मी दुकानात बसले होते. गल्लीतला बँडमास्तर आपला लाल कोट घेऊन आला. आधी लग्नसराईत त्यानं तो सैल करून घेतला होता, मग आजारी पडला म्हणून घट्ट करून घेतला होता. आता प्रकृती सुधारली होती.

"हणमंतराव, स्वल्प सोडायचा हं पोटावर."

"करू या की," काका म्हणाले आणि हात पुढे केला.

दामूअण्णानं कोट मध्येच घेतला. उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "नाही. परत उसवला तर आत कापड उरायचं नाही. दुसरा शिवा, नाहीतर असाच घाला."

बँडमास्तर काकांकडे बघायला लागला. गिऱ्हाईक जुनं होतं. काका चष्म्यावरून दामूअण्णाकडे बघत राहिले, इतका वेळ की मला वाटलं, आता डब्याचं झाकण मागवतात. मग त्यांची मान डाव्या खांद्यावर कलली.

"सरीऽऽ," काका म्हणाले.

आणि त्या ईच्या मागून अजून काय येतंय म्हणून बँडमास्तर कोट हातात धरून उभाच राहिला.